एक वर्ष नऊ महिने

वाडसोच्या न्यायालयाची मागची खोली.
सूर्य परवा बुडाला, तो आता जानेवारीतच.
मी राग्नफ्रिड, बेकरीवाली.
यादीतून नाव निघालं की वर्षातून दोनदा
न्यायाधीशाच्या शेजारी बसते,
तिच्याइतकंच एक मत माझं.
एरवी पीठ मळते.

मुलगा एकोणीसचा, योस्टाइन.
त्याने हाल्वदानचं होडीघर पेटवलं,
रात्री, पिऊन, कुणीतरी हसलं म्हणून.
आत म्हातारा झोपलाय हे त्याला ठाऊक नव्हतं.
ठाऊक करून घेतलं नव्हतं, सुन्निवा दुरुस्त करते.
ती खरी न्यायाधीश, शब्दांना धार ठेवणं तिचं काम.
हाल्वदान वाचला.
उजव्या हाताची दोन बोटं नाही वाचली.

तोरग्रिम म्हणाला, करावं तसं भरावं.
चाळीस वर्षं बंदरात दोर ओढलेला माणूस.
चार वर्षं. बोटामागे दोन.
आणि आपल्याच भागाकाराला लाजून
खिडकीकडे बघत राहिला. खिडकीत काही नव्हतं.

सुन्निवा म्हणाली, किनाऱ्यावर अशी बावीस होडीघरं आहेत,
पिणारी पोरं त्याहून जास्त.
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.
मी म्हटलं, पण इथे दगड आपल्या हातात आहे.
पुढच्याचा अंगठा आपण ठेचायचा,
मागून कोण येतंय ते माहीत नसताना?
ती कपात चमचा फिरवत राहिली.
साखर घातलेलीच नव्हती.

आणि मी?
मला तो पोरगा बेकरीत हवा होता,
पहाटे चारला, कोपरापर्यंत पिठात.
सुधारेल तो, मी म्हटलं, आठ महिने पुरेत.
आणि नाही सुधारला तर? तोरग्रिमने विचारलं.
तर सुधारेपर्यंत...
इथे माझीच जीभ अडखळली.
माझ्या दयेच्या हातात कधी आली ही कडी,
आणि बाहेरून घालायची!

मग सुन्निवाने कुंपण सुचवलं.
तोरग्रिमचं ‘भरावं’ ते कुंपण, त्याबाहेर पाऊल नाही.
आत मग धाक चरू दे, माझी आशा चरू दे.
शहाणपणाचं होतं.
फक्त खुंट कुठे ठोकायचे यात दोन तास गेले
आणि माझे वेलदोड्याचे पाव संपले.

एक वर्ष नऊ महिने.
मी परत परत मोजून पाहिलं,
हा आकडा आमच्यापैकी
कुणाच्याच कारणातून निघत नाही.
न्याय आखूड पडला तिथे भीतीचं ठिगळ,
भीती लाजली तिथे आशेचं.
तोरग्रिम म्हणाला, तसंच असतं ते.
पेड एका बाजूला पिळायचे, दोर उलट्या बाजूला.
आपसात भांडतात म्हणून तर धरून ठेवतात.
मला जवळजवळ पटलं.

टेबलावर पुराव्याचे फोटो पसरलेले.
एकात दोराचं वेटोळं, कोळसा झालेलं,
एकेक पेड दिसत होता.
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तोरग्रिम पुटपुटला.
त्याच्या मनात मुलगा होता.
मी आमच्या तिघांच्या सह्यांकडे बघत होते.

निकाल वाचला तेव्हा योस्टाइनने
फक्त एकदा नाक ओढलं.
त्याच्या आईने आकडा पुन्हा विचारला,
ऐकू आला नव्हता असं नाही.

पायऱ्यांवर हाल्वदान थांबला होता.
एका हातात तीन बोटं, एका हातात पाच.
महिने मोजत होता,
आठ, पुन्हा आठ, वर पाच.
एकवीस, म्हणाला. बरं.
मग टोपी खाली ओढत, सहज,
पावाचा भाव विचारावा तसं:
यातले माझ्यासाठी किती, राग्नफ्रिड?

बर्फ पडत होता.
मी त्याला हात दिला, पायरी निसरडी होती.
त्याने तो तीन बोटांनी धरला.
खाली पोचेपर्यंत
दोघंही काही बोललो नाही.